धाप, दमा आणि घरघर

प्रश्न : वैद्यकीय मजकुराच्या भाषांतरात इंग्रजी ‘व्हीझिंग’ला (श्वासाबरोबर छातीतून येणाऱ्या आवाजाला) सगळे सर्रास ‘घरघर’ लिहितात. ते बरोबर आहे का? आणि धाप लागणे, दम लागणे, दमा यांत फरक काय?

– दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. धाप लागणे, दम लागणे ही लक्षणं. दमा हा आजार. जिना चढून दम कुणालाही लागेल. धाप तर हृदयविकारात लागते, रक्त कमी असलं तरी लागते. तेव्हा धाप दिसली की दमा लिहून मोकळं होऊ नये. ‘दम’ फारसीतला, अर्थ श्वास. ‘दम खा जरा’ म्हणतो तोच.

घरघरीचं मात्र मला पटत नाही. घशात, छातीत कफ साठून श्वासाबरोबर खळखळतो तो जाड, ओला आवाज म्हणजे घरघर. व्हीझिंगचा आवाज बारीक, शिट्टीसारखा असतो. आकसलेल्या श्वासनलिकांतून हवा जाताना, बहुधा श्वास सोडताना येतो. (श्वास घेताना कर्कश आवाज आला तर तो स्ट्रायडर. तिथे अडथळा वर, स्वरयंत्राच्या आसपास असतो.) शिवाय ‘घरघर लागली’ म्हटलं की आपल्याला शेवटची घटका आठवते, डबघाईला आलेल्या संस्थांनासुद्धा घरघरच लागते. दम्याच्या माहितीपत्रकात ‘तुम्हाला घरघर लागते का?’ हे वाचून रुग्ण हबकायचा! मी ‘छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का?’ असं लिहितो. लांबतं, पण कळतं.

– ‘ऊर्ध्व लागणे’ही घरघरीसारखंच, शेवटच्या घटकेचं. आयुर्वेदात श्वासरोगाचे पाच प्रकार आहेत : महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक, क्षुद्र. दम्याशी जुळतो तो तमक, पण बोलीत रुळला ऊर्ध्व, तोही अखेरच्या श्वासापुरता.

खोकल्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. थांबता थांबत नाही ती ढास, एकाएकी उसळते ती उबळ, घास चुकीच्या वाटेला गेला की ठसका. एवढं असून क्षयाच्या तपासणीला आपण ‘थुंकी तपासणी’ म्हणतो, आणि मग लोक डबीत खरोखरच लाळ थुंकून देतात. प्रयोगशाळेला हवा असतो छातीतून खोकून काढलेला बेडका. शब्द ऐकायला किळसवाणा वाटतो म्हणून टाळतात बहुतेक, पण सूचनेत तोच छापायला हवा.