काचेच्या छताला पडदा: कोणता घ्यायचा आणि बसवायचा कसा? (बडोदा)

मांजलपूरकर

गाडी बीवायडी सील, २०२४ ची. छताची काच फिक्स आहे आणि आतून ओढायचा पडदा नाही. (इलेक्ट्रिक पडदा २०२५ च्या मॉडेलपासून आला, ही त्याच्या आधीची.) गाडी दिवसभर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) उघड्यावर उभी असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी एसी पूर्ण जोरात लावला तरी डोक्यावर तवा धरल्यासारखं वाटतं. पायाशी थंड, टाळूला गरम.

ऑनलाइन पाहिलं तर जाळीचे, चंदेरी, व्हॅक्यूम कपवाले, क्लिपवाले असे ढीगभर प्रकार आहेत आणि सगळ्यांवर '९९ टक्के यूव्ही' (अतिनील किरण) अडवतो असं लिहिलेलं. विचारायचं ते असं:

जाळी पुरेल की पूर्ण बंद कापड हवं? क्लिपांमुळे छताचं अस्तर सुटतं का? पडदा एअरबॅगच्या आड येतो का? आणि हे सगळं सोडून सरळ फिल्म मारून घेतली तर? मागच्या सीटवर ५ फूट ११ इंच उंचीचा माणूस बसतो, त्यामुळे पडदा लोंबलेला चालणार नाही.

दांडियाबाजार_ऑटो

आधी त्या '९९ टक्के यूव्ही'चं बघू, कारण गिऱ्हाईक तिथेच फसतं. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत यूव्ही जेमतेम ५ टक्के. उरलेल्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड आणि बाकीचा उजेड. म्हणजे ९९ टक्के यूव्ही अडवलं तरी गरमीचा हिशेब जवळपास तिथल्या तिथेच. शिवाय तुमची गडद काच यूव्ही आधीच बहुतेक सगळं अडवते. त्या आकड्यावर पडदा निवडू नका.

डोकं तापतं ते कशाने? गडद काच ऊन आत येऊ देत नाही, ते स्वतःच पिते. पिऊन तापते आणि तापलेली काच खालच्या बाजूला उष्णता फेकत राहते. एसी हवा थंड करतो, पण वरून थेट टाळूवर येणारी ही धग हवा थंड झाल्याने थांबत नाही. ती अडवायला मध्ये अपारदर्शक काहीतरी लागतं, आणि ते काचेला न चिकटलेलं.

आता बडोद्याचं गणित. आपण २२.३ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या जरा खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा. मेच्या मध्यापासूनच तो जवळपास डोक्यावर असतो. त्या दिवसांत बाजूच्या काचांवर ऊन तिरकं पडतं, सगळा मारा छतावर. स्वच्छ आकाशात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण ९०० ते १००० वॉट. काच एक चौरस मीटरच्या आसपास धरली तरी एका छोट्या हीटरएवढी ऊर्जा तिच्यावर कोसळत असते. म्हणून आपल्याकडे बाजूच्या जाळ्यांपेक्षा छताच्या पडद्यावर पैसे घालणं शहाणपणाचं.

नुसती जाळी घेऊ नका. डोळ्यांवरची तिरीप ती कमी करते, पण छिद्रांतून ऊनही येतं आणि काचेची धगही. दोन थरांचा घ्या: वर चंदेरी लेप दिलेलं पॉलिस्टर, खाली काळं किंवा राखाडी कापड. चंदेरी बाजू काचेकडे. आतली बाजू गडदच हवी, पांढऱ्या किंवा चकचकीत कापडाचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि गाडी चालवताना त्रास देतं.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. मोबाइलचा टॉर्च कापडाच्या मागे टेकवा. उजेडाचा ठिपका स्पष्ट दिसला तर कापड पातळ. मग पडदा एका कोपऱ्याला धरून आडवा करा. समोरचा कोपरा वीतभर खाली आला तर चौकट मऊ आहे, मे महिन्यात तो लोंबणारच. कडेला स्प्रिंगच्या तारेची चौकट आणि मध्ये निदान दोन आडव्या काड्या हव्यात. कापड कितीही भारी असलं तरी पडदा पडतो तो चौकटीमुळे.

व्हॅक्यूम कप डोक्यातून काढून टाका. छताच्या काचेला उन्हात हात टेकवत नाही. त्या गरमीत कप मऊ पडतो, आतली हवा फुगते, पकड सुटते. उभ्या काचेवरचा कप सुटला तर पडदा दारात पडतो. छतावरचा सुटला तर चालवणाऱ्याच्या तोंडावर.

कारेलीबाग_सीटकव्हर

वरच्यांनी निवडीचं नीट सांगितलंय. मी बसवण्याचं लिहितो, कारण अस्तराची वाट बसवताना लागते.

वेळ सकाळची किंवा सावलीतली. अस्तर म्हणजे फोमवर चिकटवलेलं कापड. भर उन्हात त्यातला गोंद मऊ झालेला असतो, तेव्हा कड ओढली की कापड फोमपासून सुटतं आणि मग फुगा येतो. तो फुगा नंतर जात नाही, अख्खं अस्तर उतरवावं लागतं.

काच आतून ओल्या मायक्रोफायबरने पुसून कोरडी करा. पडदा लागल्यावर वरची धूळ महिनोन्‌महिने तशीच राहते.

मग काच आणि अस्तर जिथे मिळतात ती कड बोटाने फिरून तपासा. बहुतेक गाड्यांत तिथे एक-दोन मिलिमीटरची फट सापडते. क्लिपची चपटी जीभ त्या फटीत जाते आणि तिच्या खालच्या आकड्यावर पडद्याची चौकट बसते. फट घट्ट असेल तर जुनं एटीएम कार्ड सरकवून हळूच सैल करा. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, कड एकदा मुडपली की पांढरी रेघ कायमची राहते. फट मुळीच नसेल, म्हणजे कड काचेला चिकटवलेली असेल, तर क्लिपचा नाद सोडा आणि ताणाने बसणारी चौकट घ्या.

पडद्याचा आणि छताचा मध्य मास्किंग टेपने खूण करून घ्या. ही खूण केली नाही की शेवटच्या कोपऱ्यात हमखास एका बाजूला सुरकुती आणि दुसऱ्या बाजूला भेग. आधी मागची कड लावा, मग पुढची, शेवटी बाजू, दोन्हीकडे आळीपाळीने. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर पडदा तिरका ओढला जातो.

पुढच्या कडेला क्लिपा जास्त: दर १५-२० सेंटिमीटरला एक, चारपेक्षा कमी नकोतच. बाजूंना २५ सेंटिमीटरवर चालतं. कारण असं, की खिडक्या उघड्या ठेवून एक्सप्रेसवेवर निघालात की आत शिरलेली हवा पडद्याची पुढची कड हलवत राहते, आणि एक क्लिप निघाली की बाकीच्या ओळीने सुटतात. पडदा दोन तुकड्यांचा असेल तर पुढच्या तुकड्याची मागची कड मागच्या तुकड्याच्या वर दाबा. उलट ठेवलीत तर मधली कड लोंबते आणि आरशातून मागचं दिसणं अर्धं जातं.

काच आणि कापड यांत एक ते दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. कापड काचेला टेकलं की काचेची गरमी थेट कापडात उतरते आणि कापड खाली तापतं. पण अंतर वाढवत नेलंत तर मागच्या माणसाच्या डोक्याला लागेल. ५ फूट ११ इंचवाल्यांना आधी मागे ताठ बसवून डोकं आणि काच यांत किती बोटं जागा आहे ते मोजा. तीन बोटांहून कमी असेल तर जाड, घड्यांचा किंवा रोलरचा पडदा घेऊ नका, त्याच्या रुळांची जाडीच जागा खाते.

मांजलपूरकर

खूप उपयोगी. तयार पडदा बरोबर मापाचा नाही मिळाला तर शिवून घेता येईल का? आणि एअरबॅगचं राहिलं.

कारेलीबाग_सीटकव्हर

शिवून घेता येतो, पण फुटपट्टीच्या मापावर नको. काच पुढे-मागे सारख्या रुंदीची नसते, कोपरे गोल असतात. खाकी कागद मास्किंग टेपने काचेच्या उघड्या भागावर लावा, अस्तराच्या कडेवरून बोट फिरवून घडी पाडा आणि त्या घडीवर कापा. कागद काढायच्या आधी त्यावर पुढची बाजू आणि मध्यरेषा लिहून ठेवा. खाली काढल्यावर दोन्ही कर्ण मोजा. गाडीचं छत डाव्या-उजव्या बाजूंना सारखंच असतं, म्हणून कर्णांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर कागद सरकलाय, परत करा.

चौकट कागदापेक्षा चहूबाजूंनी ३-४ मिलिमीटर मोठी धरा, म्हणजे ती ताणात राहून किंचित वर कमान घेते. नेमक्या मापाची चौकट पहिल्या उन्हात ढिली पडते. फार मोठी केलीत तर ती अस्तराची कड बाहेर ढकलते. कडेच्या पट्टीची जाडीही या मापातच धरायची, ते शिवणाऱ्याला आधीच सांगा.

अलकापुरी_ईव्ही

एअरबॅगचं मी सांगतो. कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) दारांच्या वर, छताच्या बाहेरच्या कडेला असते आणि अस्तराची तीच कड खाली ढकलून उघडते. काचेच्या आतल्या कडेला लावलेल्या क्लिपा तिच्या वाटेत येत नाहीत. धोका आहे तो दाराच्या बीडिंगमध्ये (कडेच्या रबरी पट्टीत) किंवा खांबांच्या प्लास्टिकमध्ये खोचलेल्या पट्ट्या, हुक, दोऱ्या यांचा. काही स्वस्त पडदे इलॅस्टिकने पकडीच्या हँडलला अडकवायला सांगतात, ते करू नका.

पुढे आरशाजवळचे सेन्सर, आतला दिवा, माइक यांवर कापड येऊ देऊ नका. फास्टॅग पुढच्या काचेवर असतो, त्याला या पडद्याने काही होत नाही. छताखाली जीपीएस ट्रॅकर चिकटवलेला असेल तर मात्र तो हलवा, चंदेरी लेपात धातू असतो आणि सिग्नल कमजोर होऊ शकतो.

फिल्मबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०० मध्ये पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा असं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मबद्दल आदेश दिला तो याच नियमावर. कापडी, काढता येणारा पडदा म्हणजे काचेवर चिकटवलेली फिल्म नव्हे, शिवाय तो छताला आहे, त्यामुळे या टक्क्यांचा प्रश्न इथे येत नाही.

पण छताला फिल्म मारू नये असं मला वाटतं ते पोलिसांच्या भीतीने नाही. गडद काच आधीच ऊन पिते. आतून ऊन पिणारी फिल्म लावली की ती आणखी तापते, मधला भाग गरम आणि अस्तराखाली दडलेली कड त्या मानाने थंड. हा फरक वाढला की काचेत ताण येतो आणि कडेला आधीच बारीक टवका असेल तर तिथून तडा जातो. फिक्स छताची काच चिकटवलेली असते, बदलायची म्हणजे मोठं काम. शिवाय काचेच्या आत उष्णता अडवणारा लेप असेल तर फिल्म काढताना तो खरवडला जातो. याच कारणासाठी फोमच्या शीटही काचेला चिकटवू नका.

एक गोष्ट वर कोणी लिहिली नाही. आतला पडदा गाडी चालताना उपयोगी, पण तुमची गाडी आठ-नऊ तास उभी असते. तेव्हा काच तापूच नये यासाठी बाहेरून झाकणं जास्त कामाचं. अर्धं कव्हर मिळतं, छत आणि काचांपुरतं, दारात दाबून बसतं. ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. ते आणि आतला पडदा मिळून संध्याकाळी एसीला पहिल्या दहा मिनिटांत जो फरक पडतो तो तुम्हाला लगेच कळेल. निघताना आधी खिडक्या मिनिटभर उघड्या ठेवून तापलेली हवा जाऊ द्या, मग एसी.

दांडियाबाजार_ऑटो

बाहेरच्या कव्हरशी सहमत. पण धूळ बसलेल्या गाडीवर ते ओढू नका, रंगावर बारीक चरे येतात. जीआयडीसीच्या धुळीत तर रोज फडकं मारूनच.

आवाजाबद्दल राहिलं: पडदा कुरकुरला तर क्लिप आणि चौकट यांच्या मध्ये फेल्टची टेप लावा, प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याचा तो आवाज असतो. बसवल्यावर पहिल्या कडक उन्हाच्या दिवसानंतर सगळ्या क्लिपा एकदा दाबून घ्या, कापड तेव्हाच ढिलं होतं. डिसेंबर-जानेवारीत काढून ठेवायचा असेल तर चंदेरी बाजू आत ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन दुमडा. चौकोनी घड्या घातल्या की लेप त्या रेघेवर सोलतो आणि पुढच्या एप्रिलला तिथूनच ऊन झिरपतं.