ऑटोमॅटिकला वेगळा ट्रान्समिशन कूलर लावू का? कुठला घेऊ?

चढउतार
माझी टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक आहे, सव्वा लाख किमी झालेत. सकाळी लोण्यासारखी चालते पण गाडी भरलेली असली आणि लांब चढ लागला की अर्ध्या तासात गिअर बदलताना धक्के सुरू. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्सचं ऑइल तापतंय, बाहेरून कूलर टाकून देतो. ऑनलाइन बघितलं तर नळीवाले, प्लेटवाले, दहा साइझ. मोठ्यातला मोठा घेतला की झालं ना?

ग्रीसचा_डाग
थांबा जरा, आधी मोजा मग पैसे काढा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून ट्रान्समिशन ऑइलचं तापमान बघा, साध्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही बऱ्याचदा, तुमच्या गाडीसाठीचं अ‍ॅप लागेल. साधारण ८० ते ९५ डिग्री म्हणजे ठीक, चढाला थोडं वर गेलं तरी घाबरायचं कारण नाही, पण ११५-१२० च्या वर जाऊन तिथेच बसत असेल तर ऑइल भराभर खराब होतं. आणि वाचन नॉर्मल आलं तर कूलर लावून धक्के जाणार नाहीत, दुखणं दुसरीकडे आहे. शेवटचं ऑइल कधी बदललंत? काळं पडलंय का, करपल्याचा वास येतो का?

चढउतार
ऑइल आजवर बदललेलंच नाही 🙈 कंपनी म्हणते लाइफटाइम आहे

ग्रीसचा_डाग
लाइफटाइम कुणाचं, तुमचं की गिअरबॉक्सचं? 😄 आधी ते बदला, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं.

दोन_नंबरचा_पाना
तापमान खरंच जास्त निघालं तर स्टॅक्ड प्लेटवाला (एकावर एक प्लेटा रचलेला) घ्या. नळी आणि जाळीवाला स्वस्त असतो पण त्याच आकारात तो उष्णता कमी काढतो. मोठ्यातला मोठा मात्र नको, थंडीत ऑइल गरमच होत नाही, घट्ट राहतं आणि लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टर घसरणं थांबवून इंजिनला थेट जोडणारा क्लच) लागायला उशीर होतो. मोठा घ्यायचाच असेल तर थर्मोस्टॅटवाला बायपास बघा, म्हणजे ऑइल थंड असेपर्यंत कूलरला वगळून जातं. आणि एक, बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या आत कंपनीचा छोटा कूलर असतो तो काढून टाकू नका, ऑइल आधी त्यातून जाऊ दे, मग नव्या कूलरमधून, मग गिअरबॉक्सला परत. कुठली लाइन परतीची ते मॅन्युअलवरून बघा, अंदाजाने नाही.

बसवताना माझी चूक सांगतो. त्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात ना जाळीतून आरपार ओवायच्या, त्या वापरल्या, वर्षभरात हादऱ्यांनी घासून घासून एसीच्या कंडेन्सरला भोक पडलं. ब्रॅकेटच लावा. पाइपही ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच, पेट्रोलचा पाइप गरम ऑइलने हळूहळू खराब होतो. कूलर लावल्यावर ऑइल थोडं जास्त मावतं त्यामुळे लेव्हल पुन्हा बघायची, मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने आणि तापमानाला.

पावसाळी_गाडी
मेंटेनन्स म्हणजे फार काही नाही हो, दर सर्व्हिसला जाळीत अडकलेले किडे, पानं, चिखल साध्या पाण्याने धुवायचे, जमलं तर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने. प्रेशर वॉशर जवळून मारला की फिन (जाळीच्या पातळ पत्र्या) झोपल्याच म्हणून समजा. क्लॅम्पपाशी ओल दिसते का तेही बघत जा, ऑइल कमी झालं की कूलर काय कामाचा.

आणि ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, चालवत घरी आणू नका!! रेडिएटरमधला कूलर आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं. तसंच गिअरबॉक्स कधी उघडून दुरुस्त करावा लागला तर जुना कूलर परत लावू नका, प्लेटवाल्यात अडकलेला धातूचा चुरा फ्लश करून पूर्ण निघत नाही, तोच नव्या भागांत जातो.

नवशिका_ड्रायव्हर
माझी एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आहे, मलाही लागेल का हा कूलर?

दोन_नंबरचा_पाना
नाही हो. त्यात टॉर्क कन्व्हर्टरच नसतो, साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक करतं. चढाला गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेक वापरा, नाहीतर क्लच जळेल.

चढउतार
ऑइल बदललं काल, काळंकुट्ट निघालं. रविवारी चढावर स्कॅनर लावून जातो आणि आकडे टाकतो इथेच. कूलर अजून घेतलेला नाही.