जीनोमला ‘जनुकसंच’ म्हणावे का? आणि बुरशी की कवक?

प्रश्न : बुरशींच्या जीनोम सीक्वेन्सिंगवर (डीएनएचा अक्षरक्रम वाचण्यावर) मराठीत लिहिताना जीनोमला ‘जनुकसंच’ आणि सीक्वेन्सिंगला ‘क्रमनिर्धारण’ हे शब्द चालतील का?

प्रतिसाद १ : ‘जनुकसंच’ अर्थाला तोकडा पडतो. जीनोम म्हणजे सगळा डीएनए, नुसती जनुके नव्हेत. बेकरीच्या यीस्टला तो शब्द खपून जातो : १९९६ साली पूर्ण वाचलेला, सुमारे १.२ कोटी बेस-जोड्या (डीएनएची ‘अक्षरे’), त्यात सहा हजारांच्या आसपास जनुके, मोकळी जागा थोडीच. पण बटाट्याचा उशिरा येणारा करपा पाडणारी बुरशी फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स घ्या. तिचा जीनोम २४ कोटी बेस-जोड्यांचा (२००९ साली वाचलेला) आणि त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश नुसती पुनरावृत्ती, म्हणजे तेच तेच तुकडे. याला कसला जनुकांचा संच म्हणायचे? सरळ ‘जीनोम’ लिहावे.

प्रतिसाद २ : मुद्दा बरोबर, उदाहरण घसरले. फायटोफ्थोरा कवक नाहीच, ऊमायसीट (बुरशीसारखा दिसणारा वेगळा गट) आहे. पेशीभित्तिकेत कवकांतल्या कायटिनऐवजी सेल्युलोज, आणि डीएनएच्या तुलनेत नाते तपकिरी शैवालांशी. द्राक्षावरचा केवडाही त्याच कुळातला. भुरी मात्र खरे कवक. हा फरक नुसता कागदावरचा नाही : बुरशीनाशकांपैकी कार्बेन्डाझिम केवड्यावर चालत नाही, मेटालॅक्सिल भुरीवर चालत नाही. म्हणून शेतातल्या बोलण्यात ‘बुरशी’, वर्गीकरणात ‘कवक’.

प्रतिसाद ३ : ‘क्रमनिर्धारण’ चांगला शब्द आहे, पण तो फक्त वाचनापुरता ठेवा. तुकडे जोडण्याला ‘जुळणी’ म्हणा. बहुतेक घोळ तिथेच होतो. दीडशे अक्षरांच्या वाचनांना त्याहून लांब पुनरावृत्ती ओलांडता येत नाही आणि जुळणी तिथे तुटते. लांब वाचनांसाठी डीएनएही लांब लागतो : कवकजाल (कवकाचे धागे) द्रव नायट्रोजनमध्ये कुटा, सीटॅब (एक साबणासारखे रसायन) पद्धतीने डीएनए काढा, व्हॉर्टेक्स (यंत्राने जोरात घुसळणे) करू नका, पिपेटला रुंद तोंडाची टिप वापरा. डीएनएची शुद्धता प्रकाशशोषणावरून मोजतात; त्यातले २६०/२८० (नॅनोमीटर) गुणोत्तर १.८ भरले म्हणून खूश होऊ नका. २६०/२३० दोनच्या बरेच खाली असेल तर बहुधा शर्करा किंवा सीटॅबचे क्षार राहिलेत, पुढची अभिक्रिया अडते. गव्हाच्या तांबेऱ्यात आणखी एक गोम : पेशीत दोन वेगळी केंद्रके. ती वेगळी न काढता जुळणी केली तर दोघांची खिचडी मिळते.

आणि नुसता आयटीएस (कवकांची जात ओळखायला वाचतात तो डीएनएचा छोटा भाग) वाचून त्याला जीनोम सीक्वेन्सिंग म्हणू नका. तो काहीशे अक्षरांचा, ओळखीपुरता. फ्युजेरियममध्ये तर जवळच्या जाती ओळखायलाही पुरत नाही. तिथे टीईएफ१ जनुक वाचतात.

प्रश्नकर्ता : ‘जीनोम’, ‘क्रमनिर्धारण’, ‘जुळणी’ ठरले. ‘कवक’चे अनेकवचन?

प्रतिसाद २ : कवके. शब्द नपुंसकलिंगी : ते कवक, ती कवके.