दोन गॅलेक्सी खरंच धडकतायत का, हे नुसत्या फोटोवरून ठरवायचं का?

हस्तचौकट:
परवा आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपवर यावरून बरंच वाजलं म्हणून इथे विचारतो. माझं मत, फोटो बघून मर्जरचा, म्हणजे दोघी एकमेकींत मिसळतायत असा, शिक्का मारू नये. एनजीसी ३३१४ बघा, हबलच्या फोटोत दोन सर्पिल गॅलेक्सी एकमेकींत घुसल्यात असंच कोणीही म्हणेल, पण पुढची साधारण ११.७ कोटी प्रकाशवर्षांवर आणि मागची १४ कोटींवर, मधे दोन कोटींहून जास्त अंतर, आणि आपली शेजारची गॅलेक्सी देवयानी २५ लाखांवर, म्हणजे विचार करा. आधी दोघींचा रेडशिफ्ट (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला ते, त्यावरून अंतराचा अंदाज येतो) काढा, मग बोला.

रात्रपाळी:
नाही पटलं. एकीवर एक दिसणं वेगळं आणि शेपटी फुटणं वेगळं. समुद्राला भरती आणणारी जी ओढ तीच इथे तारे आणि वायू खेचून लांब शेपट्या काढते, तूमरे बंधूंनी १९७२ मध्ये कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं आणि त्यांच्या आकृत्या अँटेना आणि माईस या जोड्यांशी जुळल्या. अशी शेपटी दिसली की बास, मला पुरते.

हस्तचौकट:
अहो पण ३३१४ मधली पुढची वाकलेली आहेच की! मात्र मागचीमुळे नाही, बहुधा शेजारच्या एनजीसी ३३१२ या गॅलेक्सीशी गाठ पडल्यामुळे. खूण खरी, जोडी चुकीची. हे फोटोवरून कसं कळणार?

रात्रपाळी:
हा मुद्दा मान्य. पण रेडशिफ्ट आणणार कुठून? स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीत प्रत्येक गॅलेक्सीचा प्रकाश पकडायला प्लेटवर एक फायबर लावायचे, आणि एका प्लेटवर दोन फायबर ५५ आर्कसेकंदांपेक्षा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळ लावताच येत नव्हते, म्हणजे ज्या जोड्या सगळ्यात चिकटलेल्या नेमक्या त्यांच्यातच एकीचा स्पेक्ट्रम (प्रकाशाची रंगवार फोड, ज्यातून रेडशिफ्ट निघतो) बऱ्याचदा नाही. २००७ ला गॅलेक्सी झू ही लोकांकडून गॅलेक्सींचे फोटो ओळखून घेणारी वेबसाइट सुरू झाली तेव्हा सहा बटणांपैकी एक मर्जरचं होतं, घरबसल्या साध्या माणसांनी मतं दिली, ज्यांना मर्जरची ४० टक्क्यांच्या वर मतं पडली त्या संशोधकांनी परत डोळ्यांनी तपासल्या आणि तीन हजार जोड्यांची यादी हाती आली. ही मेहनत मला फार मोलाची वाटते, तिला कच्चं म्हणू नका.

धूळवाट:
दोघंही दिसणाऱ्या प्रकाशातच अडकलात. आर्प २२० साध्या फोटोत एकच विस्कटलेली गॅलेक्सी वाटते. आत दोन गाभे आहेत, जेमतेम १२०० प्रकाशवर्षांच्या अंतरावर, पण धूळ इतकी की ते रेडिओ आणि इन्फ्रारेडमध्येच सुटे दिसले. आणि रेडशिफ्टचं पण फार कौतुक नको, क्लस्टरमध्ये, म्हणजे गॅलेक्सींच्या घोळक्यात, गॅलेक्सी सेकंदाला शेकडो किलोमीटरने इकडेतिकडे पळतात आणि तो वेगही रेडशिफ्टमध्ये मिसळतो, त्यामुळे आकडे जुळले तरी अंतर सारखंच असेल असं नाही.

कॉफीआणिकोड:
आता हे सगळं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) करतं, पण ते शिकतं याच माणसांच्या मतांवर! लोकांनी एकामागे एक असलेल्या जोडीला मर्जर म्हटलं असेल तर मशीनही तेच म्हणणार, तेही लाखो फोटोंवर. म्हणून मी हस्तचौकट यांच्या बाजूने.

हस्तचौकट:
ठीक, रेडशिफ्ट नाही म्हणून यादीतून काढू नका, मतांची टक्केवारी तशीच ठेवा. पण दोघीही विस्कटलेल्या दिसल्याशिवाय मर्जर म्हणायचं नाही, यावर मी ठाम.

रात्रपाळी:
मग दोन लंबगोल गॅलेक्सी मिसळतायत त्यांचं काय? त्यांच्यात थंड वायू जवळजवळ नसतो, तारे वाटेल त्या दिशेला फिरतात, तशी लांब सडपातळ शेपटी निघतच नाही, फार तर फिकट पसरट पंखा. साध्या एक्स्पोजरमध्ये तो पण दिसत नाही. तुमच्या नियमाने त्या सगळ्या बाहेर.