अमेरिकेतील बागांमध्ये मेटल डिटेक्टरला सर्वाधिक कोणती नाणी सापडतात?

परसदार, न्यू जर्सी:
नमस्कार. गेल्या वर्षी मी मध्यम किमतीचा मेटल डिटेक्टर घेतला आणि आमच्या गावच्या नगरपालिकेची रीतसर परवानगी काढून सार्वजनिक बागेत दर शनिवारी सकाळी दोन तास शोध घेऊ लागलो. आजवर निघालेल्या ११८ नाण्यांची वहीत नोंद आहे. त्यांत ७९ एक सेंटची, २१ डाइम (दहा सेंट), ११ क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि अवघी ७ निकेल (पाच सेंट) आहेत. सेंटांपैकी निम्म्याहून अधिक १९८२ नंतरचे असून त्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. काहींना तर आरपार भोके पडली आहेत. चांदीचे एकही नाणे मिळालेले नाही. हे प्रमाण सर्वांच्याच वाट्याला येते, की मी चुकीच्या जागी खणतो आहे? सेंटचा सिग्नल आला की तो सोडून द्यावा का? शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीचा अखेरचा सेंट पाडण्यात आला. त्यामुळे पुढे हे प्रमाण बदलेल का?

ओंबीवाला, ओहायो:
आपली वही माझ्या बारा वर्षांच्या नोंदींशी जवळपास जुळते, तेव्हा जागेला दोष देऊ नका. एकट्या २००० साली अमेरिकेने १४ अब्जांहून अधिक सेंट पाडले, आणि हे नाणे पडले तर ते उचलण्यासाठी वाकण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. क्वार्टर हरवला तर माणूस गवत चाचपून पाहतो. डाइमचे कारण वेगळे आहे: अमेरिकेच्या रोजच्या चलनातले ते सर्वांत लहान आणि पातळ नाणे असल्यामुळे खिशातून कधी निसटले हे कळतच नाही.

कुरतडलेल्या कडांचे कारण धातूत आहे. १९८२ पर्यंत सेंटमध्ये ९५ टक्के तांबे असे आणि त्याचे वजन ३.११ ग्रॅम होते. त्याच वर्षी तांब्याचा पातळ मुलामा दिलेले जस्ताचे, २.५ ग्रॅम वजनाचे नाणे आले. मुलाम्याला जरा ओरखडा गेला की ओलसर, आम्लधर्मी मातीत आतले जस्त झपाट्याने झिजते, कारण तांब्याशी संपर्क असताना आधी जस्तच गंजते. म्हणूनच १९६० चा सेंट हिरवट पण अखंड निघतो आणि १९९५ चा मात्र चाळणी होऊन हाती येतो. १९८२ या वर्षाची नाणी दोन्ही प्रकारची असल्याने ती वजन करूनच ओळखावी लागतात.

चांदीबद्दल निराश होऊ नका. डाइम आणि क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी होती ती १९६४ पर्यंतच. त्यानंतरची नाणी म्हणजे तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचा थर. आपली बाग साठ वर्षांपेक्षा जुनी नसेल, तर तिथे चांदी पडणार तरी कशी? १९०९ ते १९५८ दरम्यानचे, पाठीवर गव्हाच्या दोन ओंब्या असलेले सेंट निघू लागले की माती जुनी आहे असे समजावे. त्याच जागी चांदी मिळण्याची खरी शक्यता असते. सेंट पाडणे थांबल्याने आपल्या हयातीत फारसा फरक पडेल असे मला वाटत नाही. जमिनीत आधीच पडलेले सेंट कुठे जाणार आहेत? जस्ताचे सिग्नल मात्र मी हल्ली सरळ सोडून देतो.

निकेलवेडा, मिशिगन:
ओंबीवाल्यांचा शेवटचा सल्ला मला पटत नाही, कारण वस्तू ओळखण्यासाठी यंत्र जे आकडे दाखवते त्यांत बाटल्यांची झाकणे आणि काही अंगठ्याही जस्ताच्याच आकड्यांवर येतात. पण माझा मुख्य मुद्दा दुसराच आहे. परसदार, आपल्या वहीतला सर्वांत बोलका आकडा ७९ नसून ७ आहे. निकेल काही इतके दुर्मीळ नाणे नाही. आपल्या यंत्रानेच ते गाळले असावे. शंभरपर्यंत आकडे दाखवणाऱ्या गॅरेट कंपनीच्या यंत्रांवर जस्ताचा सेंट साधारण सत्तरीत, तांब्याचा सेंट आणि डाइम ऐंशीच्या किंचित वर आणि क्वार्टर त्याहून वर दिसतो. निकेल मात्र पन्नाशीच्या सुरुवातीला, शीतपेयांचे डबे उघडण्याच्या ॲल्युमिनियमच्या कड्यांच्या, म्हणजे पुल-टॅबांच्या, शेजारीच बसते. पुल-टॅब नकोत म्हणून यंत्रावर आकड्यांचा तो पट्टा बंद केला की निकेलही गेले, आणि त्यांच्यासोबत सोन्याच्या पुष्कळशा अंगठ्याही गेल्या. एक शनिवार तो पट्टा उघडा ठेवून पाहा. पाठदुखीची जबाबदारी आपली.

निकेल मातीतून तांबूस-करडे होऊन निघते, त्यामुळे प्रथमदर्शनी ते ओळखू येत नाही. १९१३ ते १९३८ दरम्यानच्या, पाठीवर बफेलो म्हणजे रानगवा असलेल्या बफेलो निकेलवर साल उंचवट्यावर कोरलेले असल्याने तेच सर्वांत आधी झिजते. आणि स्वच्छतेसाठी नाणी वाळूच्या ड्रममध्ये फिरवत असाल, तर सेंट वेगळे फिरवा. एकत्र टाकल्यास डाइम-क्वार्टरांना गुलाबी रंग चढतो. माझी दोन किलो क्लॅड (१९६४ नंतरची थर दिलेली) नाणी अशी रंगली आहेत.

तिकडचा, लेस्टर:
इंग्लंडचा अनुभव ताडून पाहण्यासाठी लिहितो. इथल्या शेतांत आणि मैदानांत मला सर्वाधिक मिळते ती १५ फेब्रुवारी १९७१ च्या दशमान चलनाआधीची कांस्याची मोठी पेनी आणि अर्धी पेनी. १९९२ पासूनची एक आणि दोन पेन्सची नाणी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. डिटेक्टर त्यांना लोखंड समजतो आणि आपण ती न खणताच पुढे जातो. तेव्हा ‘सर्वाधिक सापडणारे’ आणि ‘सर्वाधिक हरवलेले’ नाणे एकच असते असे नाही. आपल्या भारतातली आजची स्टेनलेस स्टीलची रुपयाची नाणीही याच कारणाने हुलकावणी देतील.

परसदार, न्यू जर्सी:
सर्वांचे आभार. निकेलवेडा यांचा अंदाज खरा ठरला: यंत्र घेतल्यापासून तो पट्टा बंदच होता. काल तो उघडून खणले तेव्हा चौदा पुल-टॅब, राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या छापाची तीन निकेल आणि एक बफेलो निकेल निघाले. त्यावरचे साल पूर्ण पुसले गेले आहे. मात्र बफेलोच्या पायांखाली मातीचा उंचवटा नसून सरळ रेषा आहे, त्यामुळे १९१३ च्या पहिल्या छापाचे ते नाही, एवढे तरी निश्चित सांगता येते.