जीएडी: बरं वाटणारी गोळी बंद, त्रास देणारी सुरू?

झुळूक:
ताईला (वय ३४) सायकिअॅट्रिस्टनी जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर (जीएडी, म्हणजे सतत अति काळजी वाटण्याचा आजार) असल्याचं सांगितलंय. जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीचा स्कोअर १६. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन नॉर्मल. चिंतेवरची मुख्य गोळी एस्सिटालोप्रॅम ५ मिग्रॅ सकाळी, आठवड्याने १० करायची. सोबत लगेच शांत करणारी क्लोनाझेपाम ०.२५ रात्री, तीही फक्त दोन आठवडे. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची मानसोपचार पद्धत) सुद्धा सुचवली आहे. आज पाचवा दिवस, आणि धडधड आधीपेक्षा वाढली आहे. ती विचारते, "जिने बरं वाटतं ती गोळी दोन आठवड्यांत बंद आणि जिने त्रास होतो ती वर्षभर, हे उलटं नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. आणि सीबीटीमध्ये नेमकं करतात काय? नुसत्या गप्पांनी काळजी जाईल यावर तिचा विश्वास नाही.

कवडसा:
प्रश्न अगदी योग्य आहे, आणि गोळी मध्येच सोडणारे अनेक जण इथेच सोडतात.

क्लोनाझेपाम मेंदूतल्या 'गाबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते, म्हणून तासाभरात फरक जाणवतो. पण रोज घेतली की मेंदू तिला सरावतो. त्याच मात्रेत पूर्वीसारखं वाटत नाही, आणि बंद केली की चिंता उसळून वर येते. महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून ती दोन ते चार आठवड्यांपुरतीच देतात. ती चालू असताना दारू अजिबात नको, आणि झोपेची गुंगी असेल तर गाडी चालवायची नाही.

एस्सिटालोप्रॅमचं गणित वेगळं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन पहिल्या दिवसापासून वाढतं, पण त्याला जुळवून घ्यायला मेंदूच्या रिसेप्टर्सना (ते रसायन टिपणाऱ्या जागांना) काही आठवडे लागतात. मधल्या काळात मळमळ, धडधड, डोकेदुखी, झोपमोड होते. बहुतेकांना हे एक-दोन आठवड्यांत ओसरतं. क्लोनाझेपाम दिली आहे ती हेच दिवस निभावण्यासाठी.

आता करायचं काय? गोळी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना आजच फोन करा. १० वर जाण्याऐवजी आणखी आठवडाभर ५ वरच राहणं, किंवा थोडे दिवस २.५ वर येणं, हे पर्याय त्यांच्याकडे असतात. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. कॉफी निम्म्यावर आणा; तिची धडधड आणि गोळीची धडधड एकमेकींत मिसळतात आणि कशाने काय होतंय तेच कळत नाही.

पुढच्या गोष्टींसाठी मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा: जीव द्यावासा वाटणं, एका जागी क्षणभरही बसवत नाही अशी तगमग, झोप न घेताही विलक्षण उत्साह, चक्कर येऊन पडणं, किंवा ताप येऊन थरथर आणि स्नायू उडणं. आत्महत्येच्या विचारांवर पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये जास्त लक्ष ठेवतात, पण पहिले काही आठवडे सगळ्यांनीच ठेवावं.

औषध लागू पडलं की नाही हे पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे झाल्यावर ठरवतात, त्याआधी नाही. अर्धवट फरक असेल तर २० पर्यंत वाढवतात. नाहीच पडला तर दुसरं औषध देतात: सर्ट्रालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन. व्हेन्लाफॅक्सिनवर बीपी तपासत राहावं लागतं. बरं वाटू लागल्यापासून पुढे किमान सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात, कारण लवकर बंद केली की आजार उलटण्याची शक्यता वाढते. गरोदरपणाचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगून ठेवा.

पारवा:
सीबीटीबद्दल सांगतो. साधारण १२ ते १५ सेशन, आठवड्याला एक, तासाभराचं. तिथे बोलणं असतंच, पण खरं काम दोन सेशनच्या मधल्या सहा दिवसांत होतं. घरी करायला काहीच देत नसतील तर थेरपिस्टना तसं स्पष्ट विचारा.

सुरुवात वहीपासून. प्रत्येक काळजीपुढे एक प्रश्न: यावर आज काही करता येईल का? "शुक्रवारपर्यंत फॉर्म भरायचाय" यावर येईल, मग लगेच पहिली पायरी लिहायची. "आईला पुढे काही झालं तर?" यावर आज करण्यासारखं काही नाही. दुसऱ्या प्रकारच्या काळज्यांसाठी दिवसातली ठरलेली २० मिनिटं ठेवायची, पण झोपण्याआधीची नकोत. एरवी काळजी आली की दोन शब्दांत टिपून ठेवायची आणि हातातलं काम पुढे न्यायचं. मनातून हाकलायची नाही. हाकललेली काळजी दुप्पट जोराने परत येते.

मग येतो गाभा: अनिश्चितता सहन करायला शिकणं. समजा नवऱ्याला यायला २० मिनिटं उशीर झाला. एरवी ताई चार फोन करणार. आता फोनऐवजी वहीत लिहायचं, "अपघात झाला असेल, खात्री ८० टक्के, अस्वस्थता १० पैकी ९." अर्धा तास थांबायचं. तो आल्यावर खरं काय झालं ते त्याच ओळीपुढे लिहायचं. अशा तीसेक ओळी साठल्या की आपले अंदाज किती वेळा खरे ठरतात हे स्वतःच्याच अक्षरात समोर दिसतं. शिवाय फोन न करताही अस्वस्थता आपोआप उतरते, हा अनुभव येतो. ताईला "नुसत्या गप्पा" वाटतं तिथे तिला ही वही दाखवा.

आणि हे तुमच्यासाठी. ती दहाव्यांदा "सगळं ठीक होईल ना?" विचारते तेव्हा तुम्ही मायेने "हो गं" म्हणता. तिला दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्यांदा विचारायची सवय पक्की होते. तिच्याशी आधी बोलून, तिच्या संमतीने ठरवा: एकदाच उत्तर द्यायचं, त्यानंतर "हे वहीत लिहूया का?" एवढंच. न सांगता अचानक उत्तर देणं बंद केलंत तर ती दुखावेल.

स्नायू सैल करण्याचा व्यायामही शिकवतात: एकेक स्नायुगट ५ ते ७ सेकंद आवळायचा, मग २० सेकंद सैल सोडायचा. आधी शांत असताना रोज दोनदा सराव करा. ऐन घबराटीत पहिल्यांदा करून पाहणारे "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात.

झुळूक:
डॉक्टरांशी बोललो, आणखी आठवडाभर ५ वरच ठेवायला सांगितलंय. एका ओळखीच्यांनी प्रोप्रानोलॉल आणि प्रीगॅबालिन सुचवलं. आणि वर्षाने एस्सिटालोप्रॅम सुटेल ना? की हिचीही सवय लागते?

खलबत्ता:
प्रोप्रानोलॉल हृदयाचे ठोके आणि हातांची थरथर कमी करतं. काळजीच्या चक्राला ते हात लावत नाही. दमा असेल तर घ्यायचंच नाही. प्रीगॅबालिनचा जीएडीवर खरोखर उपयोग होतो, दिवसाला १५० मिग्रॅपासून सुरू करतात आणि आठवडाभरात फरक दिसू शकतो. पण गुंगी येते, वजन वाढतं, सवय लागू शकते, आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा कमी करावी लागते. पहिलं औषध नीट वापरून पाहिल्याशिवाय तिकडे वळण्याचं कारण नाही. बस्पिरोन हे चिंतेवरचं आणखी एक औषध; त्याची सवय लागत नाही, पण ते रोज दोन-तीनदा घ्यावं लागतं आणि परिणामाला काही आठवडे जातात. "लागेल तेव्हा एक" असं घेतलं तर काहीच होत नाही.

एस्सिटालोप्रॅमची तल्लफ येत नाही, मात्रा वाढवत न्यावी असंही वाटत नाही. पण शरीर तिला जुळवून घेतं, म्हणून एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. हे गोळी थांबल्यापासून काही दिवसांतच सुरू होतं. आजार उलटला असेल तर काळजी आठवड्या-महिन्यांनी हळूहळू परतते, आणि करंटसारखं काही जाणवत नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेकांना वाटतं की गोळी आता जन्माची.

उतरवताना १० वरून ५, मग २.५, दरम्यान काही आठवडे. शेवटची पायरी सर्वात अवघड असते, कारण कमी मात्रेवर थोडीशी घटही मेंदूला मोठी जाणवते. त्रास झाला तर आधीच्या मात्रेवर जाऊन आणखी हळू उतरायचं. "एक दिवसाआड घ्या" असा सल्ला सर्रास मिळतो, तो पाळू नका: रक्तातली पातळी रोज वरखाली होऊन त्रास वाढतो. एखादा दिवस गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक वरचेवर घेत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. एस्सिटालोप्रॅमसोबत रक्तस्रावाचा, विशेषतः पोटातल्या, धोका वाढतो.

जीएडी-७ दर दोन आठवड्यांनी भरून तारखेसकट जपून ठेवा. १६ वरून ११ झाला तरी ताईला "काहीच फरक नाही" असं वाटू शकतं. पुढच्या भेटीला जाताना तो कागद आणि वही दोन्ही सोबत न्या.