सेवा केंद्रातील संगणकांवर क्रोम सोडून दुसरा ब्राउझर घ्यावा का, आणि बदलताना काय काय सांभाळावे?

प्रश्न : केंद्रचालक, वसमत

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे गेली सात वर्षे सेवा केंद्र चालवते. केंद्रात दोन संगणक आहेत. एकावर विंडोज १० असून रॅम ८ जीबी आहे. दुसरा जुना आहे, त्यावर विंडोज ७ आणि ४ जीबी रॅम आहे. दोन्हींवर पहिल्यापासून क्रोमच आहे, कारण ज्यांनी संगणक बसवून दिले त्यांनीच तो टाकून दिला होता आणि दुसऱ्या कशाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

आता मात्र विचार करावा लागत आहे. जुन्या संगणकावर ब्राउझर उघडला की यापुढे नवीन अपडेट मिळणार नाहीत असा संदेश येतो आणि काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात. पीक विम्याच्या दिवसांत पंधरा-पंधरा टॅब उघडे असतात, बाहेर बाकावर शेतकरी सकाळपासून बसलेले असतात आणि नेमके त्याच वेळी यंत्र अडून बसते. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. मागच्या जूनमध्ये एका विद्यार्थिनीचा अर्ज भरताना तिच्या आधी आलेल्या मुलाचे लॉगिन तसेच उघडे राहिले होते आणि तिचे जात प्रमाणपत्र त्याच्या अर्जाला जोडले गेले. चूक माझी होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी त्या मुलीच्या वडिलांना गावाहून दोन वेळा यावे लागले आणि त्यांचा दोन दिवसांचा रोजगार बुडाला.

माझा भाचा ब्रेव्ह घ्यावा म्हणतो, शेजारचे दुकानदार फायरफॉक्सची शिफारस करतात आणि एज तर संगणकात आधीपासूनच आहे. परंतु सात वर्षांत जमवलेले दोनशेहून अधिक बुकमार्क, केंद्राचे स्वतःचे पासवर्ड आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांचे काय होईल, या भीतीने मी बदल पुढे ढकलत आले आहे. ज्यांनी प्रत्यक्ष असा बदल केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : संगणक शिक्षक, नांदेड

ताई, आपण ज्या चार ब्राउझरांची नावे घेतली आहेत, ते वस्तुतः चार वेगळे पर्याय नाहीत. संकेतस्थळाचा मजकूर वाचून तो पडद्यावर मांडणारा जो गाभा असतो त्याला इंजिन म्हणतात. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी या सर्वांच्या आत ब्लिंक नावाचे एकच इंजिन आहे. ऑपेराने २०१३ मध्ये आपले स्वतःचे इंजिन सोडले आणि एजनेही जानेवारी २०२० पासून तीच वाट धरली. फायरफॉक्सचे गेको हे इंजिन वेगळे आहे आणि ॲपलच्या सफारीचे वेबकिट वेगळे आहे. त्यामुळे क्रोमवरून ब्रेव्हवर गेल्यास संकेतस्थळे बहुधा तशीच चालतील आणि क्रोममध्ये न उघडणारे पान तिथेही बहुधा उघडणार नाही. खरा वेगळा पर्याय हवा असेल तर तो फायरफॉक्स हाच आहे. एक दुसऱ्याला पूरक ठरतील असे दोन ब्राउझर संगणकावर असावेत असे मला वाटते आणि ते दोन्ही एकाच इंजिनाचे नसावेत.

आता आपल्या जुन्या संगणकाविषयी, कारण तिथे खरी तातडी आहे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही होती आणि ती जानेवारी २०२३ मध्ये आली. त्यानंतर सापडलेली सुरक्षेची एकही त्रुटी आपल्या त्या संगणकावर बुजवली गेलेली नाही. लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील ज्या यंत्रावर टाइप होतात, ते यंत्र या अवस्थेत चालवणे योग्य नाही, हे मला स्पष्ट सांगावेसे वाटते. फायरफॉक्सने विंडोज ७ साठी ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती चालू ठेवली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. परंतु मुळात त्या विंडोजलाच मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये निरोप दिला आहे. म्हणून ब्राउझर बदलून काही महिने निभावतील, कायमचा उपाय होणार नाही. त्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत संगणक प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकावी. ती ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालते आणि तिच्यात फायरफॉक्स आधीपासून असतो. टायपिंग, छपाई आणि माहिती शोधणे ही कामे त्यावर ठेवावीत, ठसे घेण्याचे काम मात्र विंडोजच्या संगणकावरच राहू द्यावे.

विंडोज १० ची नेहमीची मदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. तरीही तिच्या २२एच२ या आवृत्तीवर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळत राहतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, त्यामुळे तिथे आपल्याला थोडी उसंत आहे.

मंदपणाबद्दल एवढेच सांगतो की आजचे सर्व ब्राउझर संकेतस्थळे एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवतात. एक पान कोसळले तरी बाकीची शाबूत राहतात, ही त्यातली चांगली बाजू आहे, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यास कोणता टॅब किती मेमरी खातो याची यादी समोर येते, आणि फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोसेसेस' इंग्रजीत टाइप केल्यास तशीच यादी दिसते. एकदा गर्दीच्या वेळी ती उघडून पाहावी. माझ्या वर्गातील संगणकांवर सर्वांत वरची जागा बहुतेक वेळा एखाद्या जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या पानाने अडवलेली असते, कामाच्या पानाने नव्हे. क्रोममध्ये मेमरी सेव्हर, एजमध्ये स्लीपिंग टॅब्स आणि विंडोजवरील फायरफॉक्समध्ये आवृत्ती ९३ पासून रॅम कमी पडताच न वापरलेले टॅब आपोआप उतरवण्याची सोय आहे. अर्धा भरलेला अर्ज दुसऱ्या टॅबमध्ये तसाच सोडून देण्याची सवय असेल, तर क्रोम आणि एजमध्ये त्या अर्जाचे संकेतस्थळ या सोयीतून वगळण्याच्या यादीत टाकावे, नाहीतर भरलेले पान पुन्हा पहिल्यापासून उघडू शकते.

उत्तर २ : केंद्रचालक, जालना

वरील सरांचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त केंद्रातील प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण मी हा बदल गेल्या दिवाळीनंतर केला आणि त्यात आठवडाभर धडपडलो.

ठशांच्या यंत्राचे असे असते की ब्राउझर त्या यंत्राशी थेट बोलत नाही. यंत्रासोबत बसवलेली आरडी सर्व्हिस, म्हणजे ठसे घेऊन पुढे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, संगणकातच चालू असते आणि संकेतस्थळ त्याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावर, १११०० ते १११२० या पोर्टांपैकी (प्रोग्रॅमच्या क्रमांकित दारांपैकी) एकावर, तिला हाक मारते. बाहेरच्या पानाने संगणकाच्या आत डोकावणे हे सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक असल्यामुळे प्रत्येक ब्राउझर त्याबाबत आपापले नियम लावतो. क्रोमच्या नवीन आवृत्त्या तर स्थानिक नेटवर्क वापरू द्यावे का, असे स्पष्ट विचारतात. घाईत कोणी 'नाही' दाबले की त्यानंतर ते संकेतस्थळ यंत्र जोडलेले नाही असे सांगत राहते, आणि आपण केबल काढ-घाल करत बसतो. मी स्वतः एक संपूर्ण सकाळ त्यात घालवली. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर टिचकी मारून ती परवानगी पुन्हा देता येते. माझ्याकडे ठशांचे काम एजमध्ये बिनतक्रार चालते, फायरफॉक्समध्ये काही संकेतस्थळांवर चालले आणि काहींवर नाही. म्हणून ठशांसाठी एज आणि बाकी सर्वांसाठी फायरफॉक्स अशी मी वाटणी केली आहे.

बुकमार्कची चिंता नसावी. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून क्रोमची बुकमार्कची यादी उघडावी, तीन टिंबांतून ती एचटीएमएल फाइल म्हणून बाहेर काढावी आणि नव्या ब्राउझरमध्ये आत घ्यावी. माझे फोल्डर जसेच्या तसे आले. पासवर्डचे मात्र जपून करावे. ते नव्या ब्राउझरमध्ये थेट आले नाहीत तर सीएसव्ही फाइलमधून न्यावे लागतात, आणि त्या फाइलमध्ये प्रत्येक पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेला असतो. एक्सेलमध्ये उघडली की कोणालाही वाचता येईल अशी ती यादी असते. काम होताच शिफ्ट आणि डिलीट दाबून ती काढून टाकावी, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही राहत नाही. डेस्कटॉप वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेला असेल तर फाइल डेस्कटॉपवर उतरवूच नये, कारण आपण इथून काढेपर्यंत तिची प्रत तिकडे पोहोचलेली असते. फायरफॉक्समध्ये त्यानंतर प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सर्व पासवर्डांवरचे एकच कुलूप, अवश्य लावावा. तो लावला नाही तर खुर्चीवर बसणाऱ्या कोणालाही सेटिंगमध्ये जाऊन केंद्राचे पासवर्ड पाहता येण्याचा धोका राहतो.

ग्राहकाचा पासवर्ड कोणत्याही ब्राउझरमध्ये साठवू नये. तुम्ही सांगितलेल्या त्या मुलीच्या प्रसंगावर ब्राउझर बदलणे हे उत्तर नाही, प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी खिडकी उघडणे हे आहे. क्रोम आणि एजमध्ये गेस्ट विंडो असते, ती बंद केली की लॉगिन, कुकी, इतिहास सारे पुसले जाते. फायरफॉक्समध्ये खाजगी खिडकी तेच काम करते, पण एक खाजगी खिडकी उघडी असताना दुसरी उघडली तर दोघींचे लॉगिन एकच असते. म्हणून पहिली पूर्ण बंद करूनच पुढच्या माणसाला बोलवावे. उतरवलेल्या फाइली मात्र कोणत्याही प्रकारात डाउनलोड्समध्ये तशाच राहतात, त्या रोज संध्याकाळी हाताने काढाव्या लागतात.

उत्तर ३ : मुद्रितशोधक, लातूर

मी केंद्र चालवत नाही, पण दिवसभर पडद्यावर मराठीच वाचते, म्हणून त्या बाजूने थोडे लिहिते. क्रोम आणि फायरफॉक्स हे दोघेही जोडाक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ हेच साधन वापरतात. त्यामुळे 'दुसऱ्या' किंवा 'तऱ्हा' यांतील अर्धा र चुकीचा दिसत असेल तर दोष बहुतेक वेळा फॉन्टचा असतो, ब्राउझरचा नव्हे. फायरफॉक्सची एक सोय मला मोलाची वाटते. त्याच्या फॉन्टच्या प्रगत सेटिंगमध्ये लिपी निवडता येते, तिथे देवनागरी निवडून तिच्यासाठी वेगळा फॉन्ट आणि किमान अक्षरआकार ठरवता येतो. माझ्या आईला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक अक्षरे वाचता येत नव्हती, तेव्हा मी याच सेटिंगमध्ये आकार वाढवून दिला आणि इंग्रजी मजकूर मात्र आहे तसाच ठेवला. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील पाने रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसतात, त्यावर ब्राउझर बदलून काहीही उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट केंद्रचालकांच्या उपयोगाची आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ब्राउझरमध्येच उघडला तर स्वाक्षरीवर प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक उतारा खोटा आहे की काय म्हणून घाबरतात. ब्राउझरमधील पीडीएफ दर्शक साधारणपणे स्वाक्षरीची तपासणी करत नाही. फाइल उतरवून ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडावी आणि तिथे ती स्वाक्षरी तपासून घ्यावी, मग हिरवी खूण येते.

जाहिराती अडवणाऱ्या विस्तारकाविषयी, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमविषयी (एक्स्टेंशन), कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. क्रोमने विस्तारकांचे नियम बदलल्यानंतर यूब्लॉक ओरिजिन हा असा विस्तारक त्यात चालेनासा झाला, त्याची हलकी आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये तो पूर्ण स्वरूपात चालतो. शासकीय योजनेचे नाव शोधले की वरच्या बाजूला जाहिरात म्हणून तशाच नावाची बनावट पाने येतात. घाईत असणाऱ्या माणसाला त्यांतला फरक कळत नाही, त्यामुळे केंद्रासाठी केवळ या एका कारणाने मी फायरफॉक्सला झुकते माप देईन.

प्रश्नकर्ती : केंद्रचालक, वसमत

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. गेल्या रविवारी केंद्र बंद ठेवून मी विंडोज १० च्या संगणकावर फायरफॉक्स घेतला, बुकमार्क आणले आणि आणताना त्यांतले साठेक बंद पडलेले पत्ते काढून टाकले. प्रायमरी पासवर्ड लावला आहे. ठशांचे काम जालन्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे एजमध्ये ठेवले. सोमवारी पहिल्याच ग्राहकाच्या वेळी परवानगीचा तो प्रश्न आला, तेव्हा मी हात थांबवून नीट वाचून 'हो' दाबले.

जुना संगणक आता इंटरनेटपासून तोडला आहे आणि त्यावर फक्त छपाई होते. लिनक्स टाकण्यासाठी आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर (त्याला चालवणारा प्रोग्रॅम) तिथे मिळतो का, हे या आठवड्यात पाहणार आहे, अडचण आली तर नांदेडच्या सरांना पुन्हा विचारीन.

प्रत्येक ग्राहकानंतर खिडकी बंद करायची ही सवय हाताला लागायला दोन दिवस गेले. मदतीला येणाऱ्या मुलीसाठी मी पडद्याच्या कडेला तशी चिठ्ठी चिकटवली आहे. सीएसव्ही फाइल त्याच दिवशी काढून टाकली होती. परंतु ती एका पेनड्राइव्हवरही उतरवून ठेवली होती, हे काल रात्री झोपताना आठवले, आणि आज केंद्र उघडल्यावर सर्वांत आधी ती पुसली.